आराखड्यात गटार आहे, कमाई कुठे आहे?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला वार्षिक विकास आराखडा एकदा सावकाश वाचून पाहा. अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत सिमेंट रस्ता. वस्तीत बंदिस्त गटार. मंदिरासमोर पेव्हर ब्लॉक. अंगणवाडीला रंगरंगोटी. एलईडी दिवे. स्मशानभूमीला कुंपण. वीस-पंचवीस ओळी संपतात, पण गावातल्या माणसाच्या हातात पुढच्या वर्षी चार पैसे जास्त कुठून येणार, हे काही कळत नाही.

गंमत अशी की कायद्याला नेमकं तेच हवं होतं. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली. तिच्यातून आलेलं २४३ जी कलम पंचायतींनी ‘आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय’ यांसाठी योजना करण्याबद्दल बोलतं. सोबतच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत. सुरुवात शेतीपासून होते. मग जमीन सुधारणा, लघुपाटबंधारे, पशुसंवर्धन आणि दूध, मासे, सामाजिक वनीकरण, गौण वनोपज, लघुउद्योग. रस्ते येतात तेराव्या क्रमांकावर. आपल्या आराखड्यांत तेच पहिले असतात आणि बरेचदा शेवटचेही.

याला फक्त ठेकेदारी जबाबदार आहे असं म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं. सिमेंटचं काम व्यवस्थेला सोयीचं पडतं. त्याचा दर दरसूचीत छापलेला असतो, अंदाजपत्रक तासाभरात तयार होतं, मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी लिहिता येते, उद्घाटनाला नारळ फोडता येतो आणि मार्चअखेर निधी ‘खर्ची’ पडतो. उलट ‘गावातल्या दुभत्या जनावरांचा खाद्यखर्च कमी करणे’ हे काम कोणत्या लेखाशीर्षात टाकायचं, त्याचं मोजमाप कोण घेणार, यावर पंचायत समितीत छाननीच्या वेळी कुणाकडेच पटकन उत्तर नसतं. २०२२-२३पासून आराखडे नऊ संकल्पनांवर बेतायचे ठरले आहे आणि त्यांतली पहिलीच ‘गरिबीमुक्त आणि उपजीविकेस पोषक गाव’ अशी आहे. तरी निवड करायची वेळ आली की गावं ‘स्वच्छ आणि हरित’कडे वळतात. झाडं लावून फोटो काढता येतो, उपजीविकेचा काय काढणार?

आधी येणाऱ्या पैशाचा हिशेब

हिशेबापुरतं एक गाव धरू. ३०० घरं, १,५०० माणसं, १,००० हेक्टर शिवार, सरासरी पाऊस ७०० मिलिमीटर. सोयाबीन, तूर, थोडा कापूस, विहिरीच्या पाण्यावर हरभरा. वऱ्हाडात किंवा मराठवाड्यात सहज भेटेल असं.

समजा या गावाला वित्त आयोगाचे वर्षाला १० लाख रुपये मिळाले. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळातल्या नियमांनी त्यातले ६० टक्के ‘बंधित’, म्हणजे निम्मे पाणीपुरवठा आणि जलसंधारणासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. राहिले ४ लाख ‘अबंधित’, आणि तेही पगार-आस्थापनेवर खर्च करता येत नाहीत. चार लाखांत तीनशे घरांचा आर्थिक विकास करायचा म्हटलं, तर घरटी तेराशे-साडेतेराशे रुपये पडतात. म्हणजे या पैशाने आर्थिक विकास होणार नाही, हे पहिल्याच दिवशी मान्य करून टाकावं. त्याने नियोजन सोपं होतं.

मग नियोजन कशासाठी? दुसऱ्या बाजूचा आकडा काढला की कळतं.

आता जाणाऱ्या पैशाचा

गावात १२० दुभती जनावरं आहेत असं धरू. एका जनावराला दिवसाला दोन किलो पेंड किंवा तयार खाद्य, वर्षातले दहा महिने. ३० रुपये किलोने महिन्याला २ लाख १६ हजार, दहा महिन्यांचे २१ लाख ६० हजार. हे पैसे तालुक्याच्या दुकानात जातात. वित्त आयोगाच्या आलेल्या निधीच्या दुप्पट, एका पेंडीवर.

तूरडाळ घ्या. निम्मी घरं डाळ विकत घेतात आणि महिन्याला तीन किलो लागते असं धरलं तर वर्षाला ५,४०० किलो. १३० रुपयांनी ७ लाख. आणि हेच गाव तूर पिकवतं, जानेवारी-फेब्रुवारीत ७५ रुपये किलोने बाजार समितीत घालतं आणि तीच डाळ होऊन परत आली की १३०ला घेतं. हे दर हिशेबापुरते आहेत, तुमच्या बाजाराचे टाका. पण दोन आकड्यांतली दरी फारशी बदलत नाही.

हा हिशेब काढायला सल्लागार संस्था लागत नाही. पंधरा-वीस घरं निवडायची. बागायतदार, कोरडवाहू, भूमिहीन मजूर, दुकानदार-नोकरदार अशी प्रत्येक थरातली चार-पाच. विचारायचं काय? महिन्याचा किराणा, जनावरांचं खाद्य, खत-औषधं, ट्रॅक्टरभाडं, दवाखाना, कर्जाचा हप्ता आणि व्याज. पुरुषांना विचारलं की बियाणं-खतांचे आकडे नेमके मिळतात, किराण्याचे आणि बचत गटाच्या हप्त्यांचे बायकांकडून. दोघांना वेगवेगळं विचारा. शेवटी कृषी सेवा केंद्राच्या आणि दूध संकलन केंद्राच्या माणसाशी बोलून आकडे ताडून बघा, कारण घरोघरची उत्तरं उत्पन्नात कमी आणि खर्चात जास्त सांगण्याकडे झुकतात. विमा, पंचनामा आणि अनुदानाची सवय लागलेल्या गावात हे होणारच.

दोन-चार मोठी भगदाडं लगेच दिसतात. सगळी बुजवायला जाऊ नये. साबण, चहा, मोबाइल रिचार्ज गावात तयार होणार नाहीत. जिथे कच्चा माल गावात आहे आणि पक्का माल गावातच खपतो, तिथूनच सुरुवात करावी.

डाळ गिरणीचं काय बिनसतं

तुरीचं उदाहरण पुढे नेऊ, कारण महिला गटाला मिनी डाळ मिल देणं हे आराखड्यात सर्रास दिसतं आणि ती मिल वर्षभरात ताडपत्रीखाली जाते हेही सर्रास दिसतं.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भात ठाऊक आहे. यंत्राचा दोष क्वचित असतो. गणित असं : १०० किलो तुरीतून साधारण ७० किलो डाळ पडते, बाकी चुणी (जनावरांना घालतात तो चुरा), भुसा आणि थोडी घट. ७,५०० रुपयांची क्विंटल तूर, त्यातून ७० किलो डाळ ११५ रुपये ठोक दराने ८,०५०, वर २५ किलो चुणी-भुसा २० रुपयांनी ५००. हातात राहतात हजार-अकराशे, त्यातून वीज, तेल, मजुरी आणि पोती. फायदा आहे, पण बारीक.

आता अडचण बघा. तूर येते जानेवारी ते मार्च. वर्षभर मिल चालवायची तर तेव्हाच विकत घेऊन ठेवावी लागेल. १०० क्विंटलला साडेसात लाख रुपये. अनुदान यंत्राला मिळतं, या साडेसात लाखांना कुणी देत नाही. गट पहिल्या वर्षी २०-२५ क्विंटल घेतो, दोन महिने मिल चालते आणि थांबते. दुसरी अडचण खळ्याची. तुरीला चीर पाडून, तेल-पाणी लावून रात्रभर मुरवून, दोन-चार दिवस उन्हात वाळवावी लागते. नीट वाळली नाही तर साल सुटत नाही आणि तुकडा, म्हणजे कणी, वाढते. ७० किलोची डाळ ६२-६५वर येते आणि सगळा फायदा कणीत जातो. मातीच्या अंगणात वाळवली तर खडे येतात, मग दुकानदार दुसऱ्यांदा माल घेत नाही. तिसरी अडचण विजेची. थ्री फेज रात्री मिळत असेल तर मिल चालवायला बाया रात्री येणार नाहीत.

म्हणून आराखड्यात ‘डाळ मिल खरेदी’ अशी एक ओळ टाकून भागत नाही. चार ओळी लागतात. सिमेंटचं स्वच्छ खळं (सिमेंटशी माझं वैर नाही, ते कुठे ओततो याच्याशी आहे), विजेची जोडणी, ठेवायला उंदरांपासून सुरक्षित खोली आणि पहिली दोन वर्षं फक्त दळणावर चालवण्याचा ठराव. दळणावर म्हणजे शेतकऱ्याने आपली तूर आणायची, डाळ करून न्यायची, किलोमागे मजुरी द्यायची. गटाला भांडवल अडकवावं लागत नाही. गावातल्या दीडशे घरांची ५,४०० किलो डाळ म्हणजे ७७ क्विंटल तूर. एवढ्यावर हंगामभर काम मिळतं. चुणी गावातच राहते आणि वर काढलेल्या पेंडीच्या बिलातला छोटासा तुकडा तोडते. बाहेर विकायचं धाडस तिसऱ्या वर्षी करावं.

ज्यांना तूर किंवा सोयाबीन लगेच विकायचं नाही, त्यांच्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घ्यायची, भाव आला की विकायचं. एकट्या शेतकऱ्याला आठ पोती घेऊन जाण्याचं भाडं परवडत नाही म्हणून तो गावात येऊन माल घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळा होतो. दहा-बारा जणांचा एक ट्रक एका दिवशी नेणं याला निधी शून्य लागतो. आराखड्यात मात्र त्याला जागा नाही, कारण रक्कम शून्य असलेलं काम ई-ग्रामस्वराज या आराखड्यांच्या सरकारी पोर्टलवर चढवण्यात कुणाला रस नसतो. ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या.

पाणी हे खरं भांडवल

पेंड आणि डाळीपेक्षा मोठा व्यवहार जमिनीखाली चालतो. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. आपल्या गावावर ७०० मिलिमीटर पडला म्हणजे ७०० कोटी लिटर. ऐकायला अफाट वाटतं. त्यातलं बहुतेक वाहून जातं, उडून जातं, पिकं पितात. आपल्या काळ्या पाषाणात खाली मुरण्याचं प्रमाण भूजलाच्या सरकारी मोजणीत खडकाच्या प्रकारानुसार ७ ते १३ टक्के धरतात. १० टक्के धरले तर ७० कोटी लिटर. तेही सगळं उपसता येत नाही, काही नाल्याला पाझरून पुढे जातं. पण सोपेपणासाठी सगळं आपलं समजू.

माणसांना दरडोई ५५ लिटर धरून वर्षाला ३ कोटी. ६०० जनावरांना ५० लिटर धरून १ कोटी १० लाख. राहिले ६६ कोटी. मोकाट पाण्यावरच्या उसाला हेक्टरी २ कोटी लिटर कुठेच गेले नाहीत. म्हणजे दीड हेक्टर ऊस आणि दीड हजार माणसांचं वर्षाचं पिण्याचं पाणी, बरोबरी. हरभऱ्याला दोन-तीन पाण्यांत हेक्टरी २० लाख लिटर पुरतात. त्याच ६६ कोटींत ३३ हेक्टर ऊस होईल किंवा ३३० हेक्टर हरभरा. पाऊस निम्मा झाला की मुरणारं पाणी निम्म्याहूनही खाली जातं, आणि ऊस तर आधीच उभा असतो. तेव्हा मार्चमध्ये टँकरचा प्रस्ताव निघतो.

हिवरे बाजारचं नाव सगळे घेतात. तिथल्या कमानीचे आणि झाडांचे फोटो काढतात. अवर्षणग्रस्त नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या त्या गावाने पोपटराव पवारांच्या काळात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान वगैरे केलं ते खरं, पण नकल करण्यासारखी गोष्ट म्हणजे ग्रामसभेत मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. पाऊस मोजायचा, विहिरींच्या पातळ्या बघायच्या, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर रब्बीचं क्षेत्र ठरवायचं. शेतीसाठी बोअरवेलला बंदी, ऊस-केळीला बंदी. बंधारे बांधून पाणी ‘वाढवणं’ सगळ्यांना आवडतं. ते वापरायला कुणी किती घ्यायचं हे ठरवणं कुणालाच आवडत नाही, आणि जलसंधारणाचे कोट्यवधी रुपये तिथेच बुडतात : बंधारा होतो, पुढच्या वर्षी त्याच्या कुशीत पाच नवे बोअर पडतात.

आपल्या गावात करायचं तर एक पर्जन्यमापक, आठ-दहा निरीक्षण विहिरी आणि एक टेप पुरे. पावसाळा संपताना, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आणि पुन्हा मार्चअखेर पातळी मोजायची. मोजायच्या आदल्या रात्रीपासून त्या विहिरीवरची मोटार बंद हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. निवडलेल्या विहिरी सगळ्या बाजूंच्या हव्यात; नाल्याकाठच्याच घेतल्या तर गाव उगाच श्रीमंत दिसतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला पत्र दिलं तर खडकाविषयी माहिती मिळते.

स्वतःचा गल्ला

बंधित-अबंधितची कटकट नको असेल तर स्वतःचं उत्पन्न हवं : घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं. इथे नमुना ८ आणि नमुना ९ पाहावेत. आठ म्हणजे कर आकारणीची नोंदवही, नऊ म्हणजे मागणी आणि वसुली. चार वर्षांनी करायची फेरआकारणी अनेक गावांत लांबते, आणि दोन मजली घराला जुन्या मातीच्या घराचा कर लागत राहतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या (पूर्वीचं औरंगाबाद) पाटोदा ग्रामपंचायतीने भास्करराव पेरे पाटलांच्या काळात कर भरणाऱ्याला दळण फुकट, अशी योजना केली. लोक फुकट दळणावर हसतात, पण त्यातली शक्कल लक्षात घ्या. कर भरल्याचं फळ रोज पिठाच्या डब्यात दिसतं, आणि ते गिरणीत हिशेब ठेवून देता येतं.

स्वउत्पन्नातून महिला-बालकल्याणासाठी १० टक्के, मागासवर्गीयांसाठी १५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च करणं बंधनकारक आहे. हा पैसा शेवटच्या महिन्यात सतरंज्या, भांडी आणि शिलाई यंत्रं घेण्यात उडतो. वर सांगितलेल्या खळ्यावरची ताडपत्री, चाळण्या, वजनकाटा या पैशातून घ्यायचा प्रस्ताव आधीच ठेवायला काय हरकत आहे?

जिथे जंगल आहे

वनहक्क मिळालेल्या गावांचं गणित निराळं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तोवर बांबू गावाचा, पण पास वनखात्याचा, अशी गंमत होती. माल तोडता येतो पण हलवता येत नाही, तर त्याला किंमत काय मिळणार? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा निर्णय मला जास्त शिकवणारा वाटतो. तेंदूपत्त्यात रोख पैसा लगेच मिळतो. तरी पाचगावने तो तोडायचा नाही असं ठरवलं, कारण पत्त्यासाठी फांद्या छाटतात, जंगलाला आगी लावतात आणि त्यात बांबू जातो. बांबू वर्षानुवर्षं मजुरी देतो, तेंदूचा हंगाम काही दिवसांचा. आराखड्यातली कुठलीही ओळ न वाढवता, एक ओळ खोडून केलेलं हे नियोजन आहे.

सभेत हे टिकवायचं कसं

ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली कमी असेल ती. ती भरली नाही की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. बहुतेक आराखडे या तहकूब सभेतच मंजूर होतात, वीस-पंचवीस सह्यांवर. त्यानंतर संगणक परिचालक मागच्या वर्षीची फाइल उघडतो, वर्ष बदलतो आणि ई-ग्रामस्वराजवर चढवतो. एकदा चढलं की पुढचं सगळं त्यावर बांधलेलं : ज्या कामाची ओळ तिथे नाही, त्याचं देयक ऑनलाइन निघत नाही. नंतर ‘राहून गेलं’ म्हणून चालत नाही, सुधारित आराखड्याचा फेरा मारावा लागतो.

म्हणून सभेच्या महिनाभर आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (२०२४पर्यंत ज्यांना ग्रामसेवक म्हणायचो ते) तीन कागद मागून घ्या : मागच्या वर्षीचा मंजूर आराखडा, त्यातल्या प्रत्येक ओळीवर झालेला खर्च आणि शिल्लक. पेंड, डाळ, पाणी यांचे आकडे एका फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत लिहा. माइकवरून वाचलेले आकडे कुणाच्या लक्षात राहत नाहीत. महिला सभा आधी होते, तिचा ठराव इतिवृत्तात नोंदवला आहे का ते तिथल्या तिथे वाचून घ्या, कारण ‘चर्चा झाली’ एवढंच लिहिलं तर त्याचा पुढे उपयोग नसतो. सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक), उमेदच्या (बचत गटांचं काम बघणाऱ्या राज्याच्या अभियानाच्या) प्रभाग समन्वयक, पशुधन पर्यवेक्षक यांना सभेला लेखी बोलवा. रोहयो, कृषी, उमेद यांच्या योजनांचा पैसा गावात आणणारी माणसं हीच, आणि चार लाखांच्या निधीपेक्षा तो कितीतरी मोठा आहे.

आणि कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी अकराची सभा लावू नका. तेव्हा गावात म्हातारी माणसं आणि पुढारी, एवढेच असतात. संध्याकाळी साडेसातनंतर ठेवा, चौकात ठेवा. फ्लेक्सवर उजेड पडेल असा एक बल्ब आधी लावून बघा.